चोपडा–शिरपूर रस्त्यावर सायकलस्वारांसाठी विसावा : साहित्य आणि श्रमदानाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर चोपडा ते शिरपूर या पन्नासेक किलोमीटरच्या टप्प्यात लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी एक विसावा बांधायचे ग्रामपंचायतीने आणि परिसरातल्या सायकलस्वार मंडळींनी ठरवले आहे. ग्रामसभेने रस्त्यालगतची गावठाणाची जागा दिली आहे. आता साहित्य आणि हात हवेत. रोख रकमेपेक्षा वस्तू मागतो आहोत. वस्तू डोळ्यांसमोर राहते, हिशेबही सोपा जातो.

हा विसावा हौशी फेरफटक्यासाठी नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर लांब अंतर कापायच्या सायकल-प्रकारात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे असतात. मदतीची गाडी फक्त ठरलेल्या तपासणी ठिकाणीच भेटू शकते. मधल्या वाटेत पाणी, पंक्चर, झोप ज्याची त्याने बघायची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४३–४४ अंशांत माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते आणि सायकलवर बाटल्या असतात दोन. रात्री दोन वाजता तर हॉटेलही उघडे नसते. चैत्रात सप्तशृंगगडावर पायी निघालेल्यांनाही ही सावली आणि हे पाणी खुले राहील, हे वेगळे सांगायला नको.

रस्त्यांवरचे बरेच प्रवासी निवारे दुपारी रिकामे दिसतात, कारण ते तव्यासारखे तापतात. एकेरी पत्रा, त्याखाली काहीच नाही आणि पश्चिम बाजू सताड उघडी. हे टाळायचे म्हणून आराखडा असा केला आहे : २० फूट बाय १२ फुटांचे जोते, लांब बाजू पूर्व-पश्चिम, दीड फूट उंच. पश्चिमेची १२ फुटांची बाजू सात फूट उंचीपर्यंत विटांनी बंद. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकून मावळतो. म्हणून ही भिंत उत्तरेकडे चार फूट वळवायची. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. वारा खेळतो आणि आत कोण आहे ते रस्त्यावरून दिसते. एकट्या येणाऱ्या महिला सायकलस्वारांसाठी हे दिसणे फार महत्त्वाचे आहे.

भिंत रॅट-ट्रॅप बाँडमध्ये बांधायची, म्हणजे विटा कडेवर उभ्या आणि मधे पोकळी. नऊ इंची भिंतीत विटा साधारण पाव हिस्सा कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही. मात्र गवंड्याला सवय नसेल तर तो सवयीने पोकळीत मसाला ओततो आणि सगळा उपयोग जातो. हे काम आधी केलेला गवंडी कुणाच्या ओळखीत असेल तर त्याचे एका आठवड्याचे काम हीच मोठी देणगी.

छपराला कौले घालावीत असे अनेकांना वाटते. आम्हालाही वाटले होते. पण सातपुड्याच्या पायथ्याला वानरांची टोळी एकदा फिरली की दहा-वीस कौले गेलीच, आणि ती बदलायला वर चढणार कोण? म्हणून अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पांढरा रंगीत पत्रा, दहा फुटी १६ नग. त्याखाली सहा इंच मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत, सहा बाय चारचे १२ तट्टे. तापलेल्या पत्र्याची झळ त्या मधल्या हवेत अडते आणि गरम हवा दोन्ही टोकांनी निघून जाते. टोकांना बारीक जाळी हवीच, नाहीतर महिनाभरात तिथे गांधीलमाश्या आणि उंदीर नांदायला येतात. वळचण चारही बाजूंना तीन फूट. केळी आडव्या पाडणारे वळिवाचे वारे सगळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून पत्र्याला नुसते खिळे चालणार नाहीत. रबरी वायसरचे स्क्रू आणि कडेच्या ओळीला जे-हुक लागतील.

तट्ट्यांना बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केली नाही तर भुंगा दोन वर्षांत त्यांची भुकटी करतो. त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो. १०० लिटर पाण्याला तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड, असे द्रावण लागेल. हे क्षार पावसात धुऊन जातात, म्हणून बांबू फक्त पत्र्याखालीच वापरायचा, खांबाला नाही. खांब तीन इंची लोखंडी पाइपचे, आठ.

खरी कसोटी जमिनीची आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि वरवरच्या पायावरचे जोते दुसऱ्याच वर्षी तडकते. त्यामुळे खांबाचे खड्डे दोन बाय दोन फूट आणि मुरूम लागेपर्यंत, किमान चार फूट खोल. जोत्याच्या आत काळी माती एक घमेलेसुद्धा भरायची नाही. साडेचार ब्रास मुरूम, सहा-सहा इंचांच्या थराने, पाणी मारून धुम्मस करत. सोबतच्या शौचालयाच्या दोन शोषखड्ड्यांनाही हीच अडचण : काळी माती पाणी पीत नाही. खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर दिला नाही तर पावसाळ्यात मैला उलटा वर येतो.

आत झोपायला साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट उंच असे तीन ओटे. ते आतून भरीव बांधायचे, पोकळी अजिबात नको. शेजारी केळीची शेती, तिथे उंदीर, उंदरांमागे साप. वर शहाबादी फरशी. काळा कडप्पा तापतो, तो कृपया देऊ नका.

पाण्याची हजार लिटरची टाकी उत्तरेच्या सावलीत ठेवायची. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी चहाचे होते. पिण्यासाठी तोटी असलेले ४०-४० लिटरचे दोन रांजण. आपल्या कोरड्या हवेत मातीच्या भांड्याला विजेची गरज नाही. तोटी आणि कट्टा यांत फूटभर अंतर हवे, नाहीतर उंच बाटली खाली मावत नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक पाणपोईवर दिसते. पितळी तोटी रात्रीत जाते, तेव्हा प्लास्टिकचीच द्या. पाटीवर अहिराणीतले दोन शब्द : ‘पाणी शे’, म्हणजे पाणी आहे. बाहेरगावच्यांसाठी शेजारी नळाचे चित्र.

सायकली लावायला उलट्या यू आकाराचे पाइप, अडीच फूट उंच, तीन-साडेतीन फुटांच्या अंतराने पाच. एकाला दोन सायकली टेकतात. पुढचे चाक खाचेत अडकवायचे स्टँड नकोत. त्यात रिम आणि डिस्क वाकते. एक उभा पंप हवा, बारीक (फ्रेंच) आणि जाड अशा दोन्ही व्हॉल्वला बसणारा. सोबत ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की, टायर लिव्हर आणि चेन-टूल, सगळे पोलादी दोरीने जखडलेले. आवारात बाभूळ आणि सराटा उगवू द्यायचा नाही. पंक्चर काढायला थांबावे आणि निघताना दुसरे घेऊन जावे, असे होते.

उजेड आणि मोबाइल चार्जिंगसाठी ७५ वॉटचे एक सौर पॅनल आणि १२ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी. बॅटरीची पेटी पत्र्याखाली नव्हे, ओट्याजवळ सावलीत. दिवा छपराच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे किडे झोपलेल्यांवर येणार नाहीत.

एकूण गरज अशी : विटा ४,५००, सिमेंट ६५ पोती, मुरूम साडेचार ब्रास, शहाबादी फरशी २५० चौरस फूट, शिवाय वर आलेले पत्रे, तट्टे, पाइप, टाकी, रांजण, पंप आणि पॅनल. वीटभट्टीवाल्यांनी पाचशे विटा दिल्या तरी पश्चिमेच्या भिंतीचा अर्ध्याहून अधिक भाग उभा राहतो. रोख द्यायचेच असेल तर ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊन द्यावे. ते गवंड्याच्या मजुरीला जाईल आणि खर्चाचा कागद दर महिन्याला फलकावर लागेल. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावणार नाही. त्या पैशांत दोन रांजण येतात.

बांधून झाल्यावरचे काम जास्त चिवट आहे. रोज टाकी भरणे, आठवड्याला रांजण घासणे, पंधरवड्याला पॅनल पुसणे, डासांसाठी टाकीच्या झाकणाची जाळी बघणे. यासाठी गल्लीवार पाळ्या लावायच्या आहेत. वर्षातला एक महिना घेणारी बारा घरे हवीत. नाव नोंदवताना महिना सांगा. एप्रिल-मे घेणाऱ्यांचे आधी आभार.

श्रमदान पौषात ठेवले आहे. तोवर कापूस वेचणीची घाई ओसरते, काळी जमीन खणण्याइतकी वाळते आणि बांधकामाला पाणी मारायला ऊन सौम्य असते. येताना टिकाव, फावडे, घमेले आणावे.

मुरमाचा ट्रॅक्टर आणणाऱ्यांनी आदल्या दिवशी कार्यालयात निरोप द्यावा. जागेच्या पूर्वेकडून कच्चा रस्ता आखून दिला आहे, तिथूनच यावे. पश्चिमेकडचे रान वरून कोरडे दिसते, पण पाटाच्या पाण्याने खाली मऊ आहे, भरलेली ट्रॉली तिथे रुतेल.