लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या काकांना, आमच्या प्रयोगशाळेकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितेय. मुंबईतल्या इतर कॉलेजांमधल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

आमच्या जुन्या एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राला) जोडलेला, आपण मिळून बनवलेला फ्लुरोसन्स डिटेक्टर, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणारे पदार्थ ओळखणारा भाग, आता उत्तम चालतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतलं रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी२) बाकीच्या घटकांपासून सुटून आलेखावर स्वच्छ शिखर देतं. विकतचा डिटेक्टर काही लाखांच्या घरात जातो. तो आम्हाला कधीच परवडला नसता.

तत्त्व आम्हाला ठाऊक होतं. ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, त्याच्याशी काटकोनात फोटोडायोड (प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा भाग), आणि मध्ये निळा प्रकाश अडवणारा फिल्टर. रायबोफ्लेविन ५३०च्या आसपास पिवळट हिरवं चमकतं. पण फोटोडायोडमधून येणारा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागांत असतो. १०० मेगाओहमच्या रेझिस्टरवर १ पिकोअँपिअरचे जेमतेम ०.१ मिलिव्होल्ट होतात. एवढासा सिग्नल सांभाळायचा कसा, हे तुम्ही शिकवलंत.

मुंबईच्या पावसाळ्यात ओलसर बोर्डावरून, सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्समधून तेवढाच प्रवाह सहज झिरपतो. तुम्ही ऑप-अँपची (सिग्नल वाढवणाऱ्या चिपची) इनपुट पिन बोर्डात न बसवता वर वाकवलीत, रेझिस्टर तिथेच अधांतरी जोडलात, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेतलात आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाकलीत. जुलैतही बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायारेषा, सरळ राहिली! ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून एलईडी वेगळ्याच तालात चालू-बंद करायचा आणि तेवढ्याच तालातला सिग्नल मोजायचा, हेही तुमचंच. “मॅडम, उजेड वाढवू नका, नको तो उजेड अडवा,” असं म्हणून तुम्ही एलईडीपुढेही फिल्टर लावायला लावलात. निळ्या एलईडीच्या प्रकाशाची हिरवी शेपटी नेमकी रायबोफ्लेविनच्या चमकेत मिसळते, आणि आमचं सगळं लक्ष फोटोडायोडकडे होतं.

पैसे तुम्ही फक्त सुट्या भागांचे घेतलेत. दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाही मुलींच्या हाती सोल्डरिंग आयर्न देऊन शेजारी थांबलात. त्यातली एक आता विभागातले पीएच मीटर स्वतः उघडून दुरुस्त करते. काका, याचे आभार कसे मानायचे?

पुढचं काम शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीच्या विषाचं आहे. त्याला ३६५ नॅनोमीटरचा एलईडी लागेल. पाणी असलेल्या द्रावकात त्यातल्या बी१ प्रकाराची चमक मंदावते, ती रासायनिक बाजू आम्ही बघतो. फिल्टर कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगा. शनिवारी दुपारी मुली यादी घेऊन येतील.

तुमची,
रसायनशास्त्र विभागातली मॅडम