धूर मोजणारं यंत्र आणि न मोजलेलं विष: परिवहन मंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: गाड्यांमधले फेरफार आणि पीयूसी तपासणीबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं काम करतो. तुमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक पीयूसी केंद्रवाल्यांच्या लबाडीबद्दल असतील. तोही विषय आहे आणि मी त्यावर येणारच आहे. पण आधी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. केंद्रवाला अगदी प्रामाणिक असला, यंत्र परवाच कॅलिब्रेट केलेलं असलं, तरी ईजीआर (ही काय ते पुढे सांगतो) बंद केलेली, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक रिमॅप केलेली, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललेली एमएच-१३ ची डिझेल गाडी त्याच्याकडून रीतसर पास होऊन जाते. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. तपासणीच अशी आहे की तिला तो फेरफार दिसत नाही.

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा थोडा भाग पुन्हा आत सोडणारी व्यवस्था. आत प्राणवायू कमी जातो, जळण थोडं थंड होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. याची किंमत म्हणजे काजळी. ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये साचते, व्हॉल्व्ह अडकतो, पिकअप जातो, चेक लाइट पेटतो. मग गाडीवाला गॅरेजला येतो आणि म्हणतो, ‘प्लेट मारून टाका.’ पत्र्याचा एक तुकडा कापून पाइपात बसवला की वाट बंद. लॅपटॉप जोडून त्या दिव्यामागचा बिघाडाचा कोड सॉफ्टवेअरमधून गाळला की दिवाही विझतो. गाडी हलकी पळते, मालक खूश.

आता ही गाडी पीयूसीला न्या. डिझेलला आपण फक्त धुराचा दाटपणा मोजतो. बीएस-४ (भारत स्टेज या प्रदूषण मानकाचा चौथा टप्पा) गाडीला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. प्लेट मारल्यावर इंजिनाला हवा जास्त मिळते, त्यामुळे धुराचा आकडा वाढत नाही, उलट अनेकदा खाली येतो. वाढतात ते नायट्रोजन ऑक्साइड, आणि ते मोजायची सोय कुठल्याच पीयूसी केंद्रात नाही, कारण नियमातच ते मोजायला सांगितलेलं नाही. म्हणजे ज्याने व्यवस्था मोडली त्याचा कागद जास्त चांगला येतो आणि ज्याने जपली, पण व्हॉल्व्ह साफ करायला उशीर केला, तो नापास होतो. थर्मामीटर लावून साखर तपासावी, तसं हे चाललं आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो. अशा उन्हात याच वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची तक्रारही कुणी करत नाही.

पेट्रोल गाड्यांचं जरा बरं आहे. बीएस-४ कारला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा बऱ्यापैकी कडक आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा डबा, पोकळ केलेली गाडी तिथे सहसा अडकते. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, म्हणून भंगारात त्याला भाव आहे, आणि म्हणूनच जुनी गाडी विकत घेणाऱ्याने खाली वाकून तो जागेवर आहे का हे बघावं. असो.

डीपीएफ या डिझेलच्या काजळीच्या फिल्टरबद्दल मात्र मला गाडीवाल्यांचीही बाजू मांडायची आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. साठलेली काजळी तो स्वतः जाळतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळायला हवी. जुळे सोलापुरातून नवी पेठेत, तिथून सात रस्ता, मुलाला शाळेतून घेऊन घरी, यात ती तापते कुठे? फिल्टर भरतो, दिवा लागतो, माणूस घाबरून इंजिन बंद करतो आणि अर्धवट राहिलेलं जळणं आणखी बिघडतं. गाडी विकताना त्याला कुणी सांगितलेलं नसतं की आठवड्यातून एकदा पुणे रोडला किंवा तुळजापूर रोडला लांब फेरी मार. फिल्टर बदलायचा खर्च ऐकला की तो गार पडतो. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, आतला भाग काढून टाकतो, सॉफ्टवेअर मारून देतो, परत कटकट नाही. हा माणूस गुन्हेगार नाही. शहरात फिरायला डिझेल गाडी त्याच्या गळ्यात मारली गेली आहे.

मालट्रकचं तेच, फक्त प्रमाण मोठं. पुणे-हैदराबाद आणि विजयपूरकडे जाणारे दोन्ही महामार्ग आमच्या शहराला लागून जातात. बीएस-६ ट्रकमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मारायला युरियाचं द्रावण लागतं. टाकी रिकामी झाली की ट्रकची ताकद कमी होते, तशी रचनाच आहे. ती चुकवायला बाजारात इम्युलेटर नावाची डबी मिळते. ती ईसीयूला सांगत राहते की टाकी भरलेली आहे. धुराच्या मीटरला यातलं काहीच कळत नाही.

हा खेळ आमच्यासारख्या मिस्त्र्यांनी शोधलेला नाही हेही नोंदवतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जगाला कळलं की तपासणी चालू आहे हे ओळखून साळसूद वागणारं सॉफ्टवेअर कंपनीनेच गाडीत घातलं होतं. प्रयोगशाळेत पास, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. गाडीला मोजणारी नळी लावून ती खरोखर रस्त्यावर पळवली तेव्हा ते सापडलं. नव्या गाड्यांसाठी आपणही एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या चाचणीची अट घातली. गाडी एकदा शोरूममधून बाहेर पडली की मात्र पुढची पंधरा वर्षं तोच धुराचा मीटर.

आता लबाडीचं. डिझेलची चाचणी नियमाप्रमाणे अशी आहे: इंजिन ऑइल किमान ६० अंश तापलेलं हवं, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि अ‍ॅक्सिलरेटर एका झटक्यात तळापर्यंत. असं अनेकदा, मग सरासरी. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही केंद्रासमोर चहा पीत उभं राहा, दिसेल. पोराने जोरात रेस केली की मालक ओरडतो, ‘इंजिन फोडतो काय रे?’ मग पोरगं हलक्या पायाने अर्धी रेस देतं. अर्ध्या रेसवर डीपीएफ नसलेली गाडीसुद्धा सुटते. मालकाची भीती अगदीच खोटी नाही. टायमिंग बेल्ट जुना असेल तर धोका असतोच. म्हणून तर आधी बेल्टची स्थिती विचारायची पद्धत हवी. काही ठिकाणी गाडी न येता फोटोवरच कागद निघतो, हे तुमच्या खात्याला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. दिल्लीबद्दलच्या कॅगच्या अहवालात तर मर्यादेपेक्षा जास्त आकडे आलेल्या एक लाखाहून अधिक गाड्यांना प्रमाणपत्र दिल्याची नोंद आहे. राजधानीत हे होत असेल, तर सोलापूरकरांनी स्वतःला वेगळं समजायचं कारण नाही.

कायदा कडक आहे, यात शंका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. पण रस्त्यावर या कायद्याचा हात जातो कुठे? जे दिसतं आणि ऐकू येतं तिथे. बुलेटचा फटाका सायलेन्सर, रुंद टायर, रंगीत दिवे. सायलेन्सर जप्त करून त्यावर रोडरोलर फिरवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याला माझा विरोध नाही. रात्री अकराला पार्क चौकातून जाणारी ती बुलेट मलाही नको आहे. पण चार अलॉय व्हीलवाल्या पोराला दंड आणि पत्र्याची प्लेट लपवलेल्या गाडीला सलाम, हा न्याय उलटा आहे. आणि दंड झाला तर मालकाला. प्लेट कापणाऱ्या, सॉफ्टवेअर मारणाऱ्या गॅरेजवर कारवाई झालेली आमच्या लाइनीत मी पाहिलेली नाही. हे मी त्याच धंद्यात राहून लिहितो आहे, याची मला कल्पना आहे.

दुसऱ्या बाजूला, सरळ रस्त्याने फेरफार करता येतो याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. सीएनजी किट. मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी. २०२२ पासून साडेतीन टनांखालच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ही वाट खुली झाली. मग सस्पेन्शन, टायरचा मान्य आकार, एक्झॉस्टचा मागचा भाग अशा साध्या गोष्टींसाठी ‘हे चालेल, हे चालणार नाही, याची नोंद करा’ अशी मराठीतली एक यादी प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर का लागू नये? आज गाडीवाला विचारायला गेला तर खिडकीवर उत्तर मिळत नाही, बाहेरच्या एजंटाकडे मिळतं.

उत्सर्जनाची मानकं केंद्राच्या अखत्यारीत आहेत, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला उत्सर्जनाचा नियम ११५ तुम्ही बदलू शकत नाही, हे मला माहीत आहे. नायट्रोजन ऑक्साइड आणि ओबीडी (गाडीतलीच बिघाड नोंदवणारी यंत्रणा) तपासणीचा प्रस्ताव दिल्लीला पाठवणं मात्र तुमच्या हातात आहे. गाडीच्या स्टिअरिंगखाली जो सॉकेट असतो त्यात स्कॅनर लावला की दडवलेले कोड दिसतात. रिमॅप करणारे कोडच पुसतात, हे खरं. म्हणून ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहायला हवा. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून हेच करतात आणि बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडी नापास. यासाठी लागणारा स्कॅनर माझ्यासारख्याच्या गॅरेजातही असतो.

पीयूसी केंद्रांवर देखरेख तर राज्याचीच आहे. डिझेल गाडीची चाचणी पूर्ण रेस देऊन झाली का, हे इंजिनाच्या फेऱ्यांच्या नोंदीवरून कळतं. ती नोंद प्रमाणपत्रावर छापायला सांगा. व्यापारी वाहनं पासिंगला येतात तेव्हा निरीक्षकाने खाली वाकून डीपीएफ, कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि युरियाची टाकी बघावी. आणि सुरुवातीला सहा महिने मुभा द्या: जो मालक गाडी मूळ स्थितीत आणेल त्याला दंड नाही. पुष्कळ जण आणतील. मी ज्यांच्या गाड्या पाहतो त्यांतल्या अनेकांना आता धास्ती वाटते, पण परत कसं फिरायचं हे कळत नाही.

सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे. त्या पैशांतून रस्ते झाडायची यंत्रं येतात, कारंजी होतात. त्यातला थोडा भाग दोन स्कॅनर आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या एका यंत्रासाठी वळवला, तर विजापूर रोडच्या आरटीओ कार्यालयात महिनाभर प्रयोग करून पाहता येईल. आमचे आयटीआय आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी हाताशी आहेतच.

तुमचे अधिकारी सोलापुरात येणार असतील तर एक दिवस कळवावं. ग्राहकाची परवानगी घेऊन एकच डिझेल गाडी दोनदा मोजू, एकदा प्लेटसह आणि एकदा प्लेट काढून. मीटर तुमच्या माणसाने धरावा, अ‍ॅक्सिलरेटरही त्यानेच दाबावा.

आपला,
पंप-नोझलचा एक मिस्त्री, सोलापूर