बाबा, कॉम्प्युटर बिघडलेला नाही

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल "मशीनचं वाटोळं केलंस" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे कागदावर लिहितोय, कॉम्प्युटरशेजारी ठेवता येईल.

चूक माझीच. दिवाळीत तुम्ही दोघं नरसोबाच्या वाडीला गेलात तेवढ्यात मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम (कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) बसवून मोकळा झालो. विचारायला हवं होतं.

पण कारण ऐका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण ती किती दिवस पुरणार? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, आणि आपलं मशीन २०१५ चं. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. धडधाकट मशीन भंगारात? आणि त्याच मशीनवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडता, ती धास्ती वेगळीच.

"फुकट कोण देतं, काहीतरी काळंबेरं असणार," हा तुमचा मुद्दा. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने केली. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना उघडा आहे, आणि मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन त्यावर माणसं बसवतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावरच चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. तो तर तुम्ही उशाला घेऊन झोपता.

आता सोसायटीची इतिवृत्तं. ती गेलेली नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, तेच तुम्हाला अगम्य दिसलं. फॉन्टची फाइल घेऊन येतो, टाकली की पूर्ववत दिसेल.

नवं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल. त्यासाठी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'क' के वरच आहे, अक्षराचा पाय मोडायला डी. एम, ई, एक्स, आय, एन, आर दाबून बघा: 'सांगली' उमटेल. तुमच्या बोटांना टाइपरायटरची सवय, आठवडाभर चिडचिड होईल.

आई, तुझं काय सांगू! "चित्रं बदललीत, बाकी तेच" म्हणून तू पहिल्याच दिवशी कीर्तन लावून बसलीस.

एक खरं सांगतो, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर यावर सरळ चालत नाही. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिसऐवजी इथे जे आहे त्यात, एक्सेलचे रकाने कधीकधी सरकतात, प्रिंट काढण्याआधी नजर टाका. खाली उजवीकडे ढालीवर ठिपका दिसला की दाबा, ते अपडेट असतं. पासवर्ड लॉगिनचाच.

जुनी डिस्क पुसलेली नाही. नवी एसएसडी (वेगवान डिस्क) घालून जुनी कपाटात विम्याच्या फायलीखाली ठेवलीय. नाहीच जमलं तर शनिवारी परत लावून देतो, फक्त बँकेचं काम त्यावर करायचं नाही. तोवर या महिन्याचं इतिवृत्त हातानेच लिहून ठेवा. आलो की दोघं मिळून टाइप करू.

तुमचा,
बाळू