रेडिओलॉजिस्ट मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

पेशंटच्या घरचे आभार मानतात ते औषध देणाऱ्या डॉक्टरांचे. सीटी वाचणाऱ्याचं नाव रिपोर्टच्या तळाशी, सहीपुरतं. म्हणून मुद्दाम हे पत्र जाहीर लिहितेय.

बाबांना आयएलडी आहे, म्हणजे फुप्फुसांत सूज येऊन व्रण पडत जाण्याचा आजार. दुसरीकडे काढलेल्या एचआरसीटीच्या (फुप्फुसांच्या बारीक कापांच्या सीटी स्कॅनच्या) रिपोर्टात 'आजारात लक्षणीय वाढ' असं आलं आणि घरात सगळ्यांचं अवसान गळालं. बाबांना लागणारा दम मात्र होता तेवढाच होता. तुम्ही तो रिपोर्ट बाजूला ठेवलात आणि जुन्या सगळ्या सीडी मागितल्या. फिल्म चालणार नाहीत म्हणालात. फिल्मवर निवडक चित्रं असतात, मिलिमीटरभर जाडीचे सगळे काप सीडीतच मिळतात.

मग श्वासनलिकेचा काप मोठा करून तुम्ही मला तिची मागची भिंत दाखवलीत. छाती भरून श्वास घेतला की ती मागे फुगते, नळी गोल दिसते. श्वास सोडलेला असेल तर ती आत येते. बाबांच्या त्या स्कॅनमध्ये ती चक्क आत आलेली होती! फुप्फुसात हवाच कमी, म्हणून सगळं धुरकट, रिपोर्टात ज्याला 'ग्राउंड ग्लास' (दुधी काच) म्हणतात तसं वाटावं असं. त्यात उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग दबतो, तिथंही सावली पडते. तुम्ही पालथं झोपवून स्कॅन पुन्हा काढायला लावलात. तुमच्या टेक्निशियनदादांनी आधी बाबांकडून श्वास भरून धरण्याची तालीम करून घेतली, अगदी न कंटाळता. तळाकडचा धुरकटपणा बराचसा गेला.

तुम्ही तिथंच थांबला असतात तर आम्ही पेढे वाटले असते. पण तुम्ही सगळ्यात पहिला स्कॅन शेजारी लावलात. लागोपाठचे दोन स्कॅन पाहिले तर फरक जाणवतच नाही, हळू वाढणारा आजार असाच नजरेतून सुटतो, हे मला तेव्हा कळलं. कापांचे नंबर जुळवूनही भागत नाही, कारण आक्रसलेल्या फुप्फुसात तोच भाग वेगळ्या नंबरवर येतो. तुम्ही रक्तवाहिन्यांचे फाटे धरून जागा जुळवत होतात. खालच्या भागातल्या श्वासवाहिन्या व्रणाच्या ओढीनं रुंदावल्या होत्या, पहिल्या स्कॅनमध्ये त्याच जागी बारीक होत्या. 'ही वाढ मात्र खरी आहे,' तुम्ही म्हणालात. वाईट वाटलं, पण आडपडदा न ठेवता सांगितलंत ते बरं केलंत.

छातीच्या डॉक्टरांना तुमच्या रिपोर्टचा उपयोग लगेच झाला. बाबांचा आजार आयपीएफ, म्हणजे कारण न सापडणारा आयएलडीचा प्रकार, नाही. अशा इतर प्रकारांत 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षभरात त्रास वाढणं, फुंकण्याच्या चाचणीत घसरण आणि सीटीवर वाढ, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या, आणि त्यांना दुसरं कारण नसलं, तर आजार पुढे सरकतोय असं धरतात. बाबांची एफव्हीसी (छाती भरून जोरात फुंकल्यावर बाहेर पडणारी हवा) घसरलेली होतीच, सीटीचा पुरावा तुम्ही दिलात. दम तेवढाच राहिला म्हणून आम्ही गाफील राहिलो असतो. आता निन्टेडॅनिब हे औषध सुरू आहे. झालेले व्रण त्यानं जात नाहीत, वाढीचा वेग कमी होतो, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पोट बिघडतं, त्यावर बाबांची रोज कुरकुर असते.

टेक्निशियनदादांनाही आमचा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी सीडींचा गठ्ठा तारखेनुसार लावूनच आणते.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी