संत्र्याच्या दहा फोडी आणि ‘नुसता खेळ’

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या अंकात ‘फी भरायची आणि मुले नुसती खेळायची?’ या मथळ्याखाली एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. ते मी दोनदा वाचले, रात्री त्याच विचारात झोप लागली नाही, आणि आज सकाळची कामे बाजूला ठेवून हे उत्तर लिहायला बसले. वह्यांऐवजी खेळातून शिकवणाऱ्या ज्या बालशिक्षण केंद्राबद्दल ते आहे, त्याचे नाव पत्रलेखकांनी घेतलेले नाही. पण चर्चचे आवार, कडुनिंबाखालचा वाळूचा हौद आणि ‘वर्षभरात एकही वही भरली नाही’ ही तक्रार वाचून आमच्या भागातल्या कोणालाही ते ओळखू येईल. माझा नातू गेल्या जूनपासून तिथेच जातो. त्याचीही एकही वही भरलेली नाही, आणि त्याबद्दल मी त्या केंद्राची ऋणी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिक्षिका होते आणि त्यातली बहुतेक वर्षे माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्यामुळे वही भरणे म्हणजे काय असते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. तरीही माझ्याच घरात काय घडले, ते सांगितल्याशिवाय मला पुढचे काही लिहिता येणार नाही.

या केंद्रात येण्यापूर्वी सात महिने नातू घराजवळच्या दुसऱ्या एका पूर्वप्राथमिक शाळेत होता. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तशा शाळा शहरात गल्लोगल्ली आहेत. रोज चार पाने घरचा अभ्यास असे: एक पान उभ्या रेघा, एक पान आडव्या रेघा, एक पान इंग्रजी अक्षर आणि एक पान अंक. तो पेन्सिल मुठीत इतकी आवळून धरी की बोटांची पेरे पांढरी पडत आणि पान उलटले तर मागच्या बाजूने अक्षर हाताला लागे. तिसरे पान आले की तो ‘सू लागली’ म्हणून उठे आणि न्हाणीघराच्या दाराआड उभा राही. डिसेंबरमध्ये त्याच्या डायरीत लाल शाईने शेरा आला, ‘लेखनात कच्चा आहे, घरी सराव घ्यावा.’ त्या दिवशी त्याचे वय होते तीन वर्षे आठ महिने. आणि संपादक महोदय, तो सराव मी घेतला. एवढी वर्षे लहान मुलांत घालवलेल्या मी त्याचा हात माझ्या हातात धरून त्याच्याकडून ती पाने गिरवून घेतली, त्याचे डोळे भरून आले तरी घेतली. हे आठवले की आजही माझा जीव कासावीस होतो. जानेवारीत ऑटोचा हॉर्न ऐकला की त्याला उलटी होऊ लागली. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासले, त्यात काही निघाले नाही. मग त्यांनी विचारले, ‘याच्याकडून शाळेत लिहून किती घेतात?’ मनगटात आठ लहान हाडे असतात आणि या वयात त्यांतली निम्मी तरी अजून कूर्चेच्या, म्हणजे हाड होण्याआधीच्या मऊ, लवचीक रूपातच असतात, हे त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावले. या हाताने आधी कणीक मळावी, मणी ओवावेत, पाणी ओतावे, माती उकरावी, पेन्सिल नंतर आपोआप येईल, असे ते म्हणाले. इतकी वर्षे मुलांचे हात धरले, पण त्या हाताच्या आत काय चालले आहे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

आम्ही त्याला त्या शाळेतून काढले आणि जूनमध्ये या केंद्रात घातले. केंद्रात अधूनमधून आजी-आजोबांना एक सकाळ येऊन बसायला बोलावतात. या फेब्रुवारीत मी गेले होते, आणि त्या सकाळी पाहिलेले पत्रलेखकांना जसेच्या तसे सांगावेसे वाटते.

व्हरांड्यात चटईवर चार मुले बसली होती आणि ताईंनी त्यांच्यामध्ये मृग बहराचे एक संत्रे ठेवले. सोलायचे मुलांनीच. ताईंनी सोलून दिले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. मुलांना बराच वेळ लागला, एकाच्या नखात साल गेली, एकाच्या डोळ्यात रस उडाला, पण ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग फोडी मोजणे सुरू झाले. एका मुलीने अकरा मोजल्या, कारण एक फोड तिने दोनदा मोजली होती. दुसरा म्हणाला नऊ. ताईंनी कोणालाच चूक म्हटले नाही. ‘मग खरे कसे कळेल?’ एवढेच विचारले. तेव्हा माझ्या नातवाने सगळ्या फोडी एका ओळीत मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवून मोजल्या. दहा. प्रत्येकाला एक दिली, पुन्हा एकेक दिली, आणि तो थांबला. ‘दोन उरल्या. आता?’ ताई म्हणाल्या, ‘तुम्हीच सांगा.’ एकीने सुचवले की त्या ताईंना द्याव्यात, आणि ते लगेच नामंजूर झाले. थोडी ओढाताण झाली, एक मूल रडायच्या बेतात आले, आणि शेवटी नातवाने एक फोड मधोमध तोडली. रस चटईवर गळला, बिया बाहेर आल्या, पण अर्धी-अर्धी वाटणी सगळ्यांना पटली आणि दुसरी फोडही तशीच तुटली. चौघांच्या वाट्याला अडीच-अडीच फोडी आल्या. आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला भागाकारातली बाकी समजावताना बाईंचा घसा कोरडा पडे. इथे पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलांनी ती बाकी हातात धरून पाहिली, तिच्यासाठी भांडली आणि स्वतःच तिची वाटणी केली. त्या संत्र्याच्या बिया मुलांनी नंतर एका डब्यात पेरल्या, आणि त्या उगवल्या का, हे नातू रोज घरी येऊन सांगतो.

हे पत्रलेखकांना ‘नुसता खेळ’ वाटत असेल, तर त्यांनी एक दिवस त्या व्हरांड्यात बसून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी पहिलीला अशी मुले खूप पाहिली, ज्यांना सगळी मुळाक्षरे लिहिता येत. पण एक लहानशी गोष्ट शेवटपर्यंत ऐकवत नसे, शेजारच्याला खोडरबर देववत नसे आणि ‘तुला काय वाटते?’ असे विचारले की ती माझ्या तोंडाकडे बघत बसत. त्यांचे सुंदर अक्षर पाहून पालक खूश असत, आणि मला त्या मुलांची काळजी वाटत असे.

‘हे परदेशी खूळ आहे’ असेही त्यांनी लिहिले आहे, आणि ते वाचून मला फार वाईट वाटले. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये जर्मनीत मुलांसाठी खेळाची शाळा काढली, हे खरे, आणि तो एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता, हेही खरे. परंतु ती पद्धत अमेरिकेत शिकून आलेल्या पंडिता रमाबाई आपल्याच होत्या, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा उघडल्यावर त्यांनी तिचा उपयोग आपल्याच मुलींसाठी केला. काही काळ अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक आपल्याच, आणि त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्या सोबतीला असलेल्या अनुताई वाघही आपल्याच. शंख, शिंपले, बिया, पाने अशा आजूबाजूला फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी मुलांना शिकवले. हाताला काम देऊन शिकवावे, हा विचार 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला, आणि वर्धा आपल्या नागपूरहून दोन तासांच्या आत येते. आज सरकारचे 2020 चे शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानते, ऑक्टोबर 2022 मधल्या त्या टप्प्याच्या राष्ट्रीय आराखड्यात खेळ केंद्रस्थानी आहे, आणि पुढच्या फेब्रुवारीत खेळणी, बाहुल्या, कोडी यांचा ‘जादुई पिटारा’ही आला. म्हणजे केंद्रातल्या ताई जे करत आहेत, तेच सगळ्यांनी करावे, असे देशाचे धोरण सांगते आहे, आणि आपण मात्र त्यांच्याकडे भरलेल्या वह्या मागतो आहोत.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, खेळाच्या आडून मुलांना दुसरेच काही शिकवले जाते, असा संशय व्यक्त केला आहे. त्याबद्दल मला माहीत आहे तेवढेच सांगते. सकाळी एक छोटी प्रार्थना होते, डबा उघडण्यापूर्वी मुले हात जोडून देवाचे आभार मानतात, बायबलमधल्या गोष्टी चित्रे दाखवून सांगतात आणि नाताळात गव्हाणीचा देखावा मुले स्वतः करतात. हे सारे प्रवेशाच्या दिवशीच प्रमुख बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले होते, काही लपवले नव्हते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, घरोघरचे लाकडी बैल मुलांनी त्याच आवारात, त्याच चर्चच्या भिंतीलगत ओढले. आमच्या घरी देव्हारा आहे आणि नातू त्याच्यापुढे रोज संध्याकाळी हात जोडतो. ज्यांना ती प्रार्थना नको असेल, त्यांनी दुसरे केंद्र जरूर निवडावे, तो त्यांचा अधिकार आहे. पण मी प्रमुख बाईंना विचारले होते की, वह्या भरून घेण्यासाठी पालक इतके मागे लागत असताना तुम्ही ठाम कशा राहता? त्या म्हणाल्या, ‘मूल देवाने आमच्या हाती दिले आहे, आजी. ते आज जसे आहे, तसेच आम्हाला ते हवे आहे. पुढच्या वर्षीचे मूल आजच कुठून आणू?’ या उत्तरात त्यांची श्रद्धा आहे, हे मला कळले, आणि त्या श्रद्धेने माझ्या नातवाचे रडणे थांबवले, हेही मला दिसते.

आता एक गोष्ट आपल्यासाठी. पत्रलेखकांच्या मजकुरात ‘नुसती’ हा शब्द कुठेच नाही, तो फक्त आपल्या मथळ्यात आहे. पत्र त्यांचे, पण तो शब्द आपण घातलात. लहान मुलांच्या खेळाला असे विशेषण लावण्यापूर्वी थोडा विचार व्हायला हवा होता.

आणि खेळायचे म्हटले तरी मुलांनी कुठे खेळावे? आमच्या लेआऊटच्या बागेत घसरगुंडीखाली वाळू होती. दिवाळीनंतर ती उचलून नेली आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत फरसबंदीचे गट्टू बसवले. उन्हात ते इतके तापतात की अकरानंतर तिथे अनवाणी पाय ठेववत नाही, आणि घसरगुंडीवरून उतरणारे मूल थेट त्या गट्टूंवर आपटते. दोन अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर नाही. गेल्या रविवारी नातू तिथे उकिडवा बसून आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने दोन गट्टूंमधली माती उकरत होता. पाऊण तासात त्याने मूठभर जमवली आणि ती रुमालात बांधून घरी आणली, बियांच्या डब्यात घालायची म्हणून. आपल्या वार्ताहराला जमले तर त्यांनी ती बाग एकदा येऊन पाहावी. सकाळी साडेसातला मी तिथे असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नागपूर