बाप्तिस्मा आणि रमाबाई

महोदय,
बाप्तिस्म्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा धर्मांतराशीच येऊन अडते. ख्रिस्ती श्रद्धेत तो ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभागी होण्याचा संस्कार आहे. पाण्यात जुने जीवन संपते, नवे सुरू होते. कॅथलिक तान्ह्या बाळांनाही तो देतात; बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक मात्र स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणून काही त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चमधील वडीलधाऱ्यांशी त्या धर्मतत्त्वांवरून सडेतोड वाद घालत राहिल्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही आपलेसे केले. या दोघांचा अभिमान सांगणारेही हा भाग सोयीस्करपणे गाळतात.

— एक वाचक, वसई