लहानपण कागदावर उतरवताना

अमळनेर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

लिहावंसं वाटतं, पण लहानपणी सांगण्यासारखं काही घडलंच नाही, अशी तुझी तक्रार. दिवाळी अंकाकडे येणारी हस्तलिखितं वाचून माझं मत उलटं झालंय. ज्यांच्याकडे मोठी घटना असते ते ती एकदा लिहून मोकळे होतात. लिहीत राहतात ते बहुधा लहानपणी काहीतरी अर्धवट कळलेले लोक. पोरं आली की मोठी माणसं आवाज खाली करतात. कान टवकारायची सवय तिथेच लागते आणि पुढे ती सुटत नाही.

कापसाचंच घे. घरात ढीग लागलाय, गावोगाव फिरून खेडा खरेदी करणारा व्यापारी आलाय. तो वरचा कापूस बघत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातून मूठभर काढतो, दाबतो आणि म्हणतो, ‘ओला शे.’ बाप गप्प. माय उठून आत जाते. ओट्यावर बसलेल्या सात वर्षांच्या पोरीला एवढंच दिसतं. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत, हे तुला आता ठाऊक आहे. पण ते लिहिलंस की पोरगी बाजूला पडते आणि बाजारभावावरचा लेख सुरू होतो. हात, मूठ, गप्प बाप, आत गेलेली माय, तिथेच थांब. वाचणाऱ्याला कळतं. खान्देशात तर नक्कीच कळतं.

सुरुवात गोष्टीने करू नकोस. आधी घराचा नकाशा काढ: ओटा, खळं, चूल कुठे, पाण्याची माठी कुठे, उन्हाळ्यात धाब्याच्या सपाट छतावर कोण कुठे झोपायचं. मग एक जागा निवडून वीस मिनिटं हाताने लिही. दहा ओळी पुरेत. पोरीचं वय आधी ठरव, कारण वयावर उंची ठरते आणि उंचीवर काय दिसतं ते. चार वर्षांच्या पोरीला चुलीतला जाळ दिसतो, वरच्या मातीच्या खापरावरचं दिसत नाही. पहिल्या खर्ड्यात ‘सुंदर’, ‘मायाळू’, ‘रम्य’ असली विशेषणं अजिबात नकोत. विशेषण गाळलं की क्रियापद शोधावं लागतं, आणि खरी आठवण बहुतेक वेळा क्रियापदातच असते.

मांडे, म्हणजे आपल्या खापरावरच्या पुरणपोळ्या, लिहायचे झाले तर सगळे ‘खमंग दरवळ’ लिहितात. तू हात बघ. पुरण भरलेला गोळा जरासा लाटून दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा, तो मनगटाच्या पुढे कोपराकडे सरकतो, मग पालथ्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. कणीक घट्ट झाली तर ताणताना फाटतो, पुरण भरड राहिलं तर त्यातल्या कणीने भोक पडतं. फाटलेला मांडा कुणाच्या ताटात जातो? घरातलं कोण कुठल्या पायरीवर आहे ते तिथे दिसतं. (बहुधा सुनेच्या ताटात.)

आठवणीवर मात्र आंधळा विश्वास नको. साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला सहसा स्वतःचं असं आठवत नाही. जे ‘आठवतं’ ते बहुतेक ऐकलेलं किंवा फोटोत पाहिलेलं असतं. आणि दरवेळी सांगताना आठवण थोडी बदलते. म्हणून घरच्यांना विचार, पण एकेकाला वेगळं गाठून. चौघं एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच हकिगत खरी ठरते. ‘आठवतं का?’ असं विचारलंस तर ‘हो’ एवढंच मिळेल. ‘त्या दिवशी चुलीपुढे कोण होतं?’ असं विचार. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो मिटवू नकोस. दोन्ही लिहून ठेव. पुष्कळदा कथा त्या फटीतच सापडते.

बोलीचं म्हणशील तर संवादात येऊ दे, निवेदन तुझ्या रोजच्या मराठीत ठेव. ‘कथा जाई ऱ्हायना?’ म्हणणारा माणूस पिशवी घेऊन निघालेल्याकडे बघून बोलतोय एवढं दाखवलंस की पुण्यातल्या वाचकालाही पुरतं. कंसात अर्थ देत बसू नकोस. घोटाळा दुसरीकडेच होतो. साक्रीची अहिराणी आणि यावल-रावेरची लेवा गणबोली एकाच म्हातारीच्या तोंडी घातलेली मी कितीदा वाचलीय. आपल्याकडचा वाचक तिथेच अंक मिटतो. लिहिलेलं मोठ्याने वाच, शक्यतो ती बोली बोलणाऱ्या कुणासमोर. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी शेतात आणि जात्यावर, काम करता करता रचली गेली, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपली आणि पुस्तक झालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. त्या ओळींना कामाचा ठेका आहे. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी तूही ऐकलीस. वाक्य कुठे थांबवायचं हे व्याकरणाआधी तिथेच कानात बसतं.

लगेच छापायची घाई नको. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे सगळे सांगतात. त्याआधी इथे अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत होते, हे फारसं कुणी सांगत नाही. कोकणातल्या पालगडचं त्यांचं लहानपण कागदावर आलं तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी मात्र १९६३ ची, म्हणजे पंचविशीतली. तेव्हा वयाचा काही नियम नाही. आठवण सांगताना स्वतःची कीव येणं थांबलं की लिहायला हरकत नाही. अजून येत असेल तर ती वही बंद ठेव, दुसरी जागा घे.

नुसतं नाव बदलून गावात कुणी लपत नाही. धंदा, घराची दिशा, मुलांची संख्या हेही बदलावं लागतं. आजारपण, सोडचिठ्ठी, कर्ज असलं दुसऱ्याचं काही असेल तर आधी त्या माणसाला विचार. नाही म्हणाला तर गाळ. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही, मला आधी दाखवायची गरज नाही. फक्त मला देवमाणूस करू नकोस. आयांवरचे तसले लेख आमच्याकडे गठ्ठ्याने येतात.

मांड्यांबद्दल काकूंना विचारायचं असेल तर आखाजीच्या आठ दिवस आधी ये. सणाच्या दिवशी त्यांचे हात पिठात असतात आणि उत्तर एका शब्दाचं मिळतं. कोरी वही आण, फोनवर रेकॉर्डिंग नको. फोन पुढे धरला की त्या शुद्ध बोलायला लागतात.

तुझी
आई